बंद झालेला हेडलेस बेस आणि डी तारेचा आटा : १४ महिन्यांनंतर

मे महिन्यात गडहिंग्लजला हळदीच्या कार्यक्रमात तिसऱ्याच गाण्याला माझ्या बेस गिटारची डी तार एकदम ढिली पडली. चावी फिरवली तर नुसती फिरतेय, तार ओढतच नाही. उरलेला कार्यक्रम मी ई आणि ए तारेवरच काढला. आमच्या कीबोर्डवाल्यानं डाव्या हातानं जमेल तेवढं सांभाळून घेतलं. तार तुटली असती तर बदलली असती. इथं तार शाबूत होती, पण तिला धरून ओढणाऱ्या जॉचे, म्हणजे धातूच्या छोट्या तुकड्याचे, आटे गेले होते.

बेस सेकंडहँड, २६ हजारांना घेतलेला. कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याकडे तो आहे ते वर्णनावरून ओळखतील. पहिले सहा महिने मी ज्याला त्याला हा बेस घे म्हणून सांगत होतो. जुना बेस साडेचार किलोचा, हा तीन किलोच्या आत. टोकाला चाव्यांचं डोकंच नसल्यामुळे मान खाली झुकत नाही, डावा हात मोकळा राहतो. चार तास उभं राहून वाजवल्यावर खांदा धरत नाही. एसटीत मांडीवर मावतो. पहाटे तीनला कोल्हापूरच्या स्टँडवर उतरून राजारामपुरीपर्यंत चालत यायचं असलं की या दीड किलोची किंमत कळते.

या रचनेचं श्रेय नेड स्टाईनबर्गरचं. मूळचा फर्निचर डिझायनर. लिओ फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१चा, आणि त्यानंतर जवळपास तीस वर्षं सगळे तेच रूप थोडंफार बदलून वापरत होते. स्टाईनबर्गरनं डोकं काढून टाकलं, चाव्या ब्रिजकडे, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाकडे, नेल्या आणि लाकडाऐवजी कार्बन फायबर वापरलं. माझ्या बेसची मान लाकडाचीच आहे, पण चाव्यांची कल्पना तीच. साध्या बेसवर तार खुंटीभोवती गुंडाळली जाते. इथं तारेच्या दोन्ही टोकांना धातूचे बारीक बॉल असतात. पुढचा बॉल मानेच्या टोकाला अडकतो, मागचा जॉमध्ये बसतो, आणि स्क्रू फिरवला की जॉ सरळ मागे सरकतो. सूर इतका बारीक लावता येतो की साध्या चावीवर परत जावंसं वाटत नाही.

पण सगळा ताण त्या एका आट्यावर. चार तारांचा मिळून ऐंशी किलोच्या आसपास ताण असतो, आणि नेहमीच्या ४५ ते १०५च्या (तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) सेटमध्ये सगळ्यात जास्त ताण जाड ई तारेवर नसतो, डी तारेवर असतो, तेवीस किलोच्या घरात. कंपनीनं जॉ केलाय मऊ ओतीव धातूचा आणि स्क्रू पोलादाचा. कुणाचे आटे आधी जाणार, हे कुणीही सांगेल. एवढा विचार करून काढलेल्या वाद्यात नेमकं इथं पैसे वाचवले, याचा मला आजही राग येतो.

जूनमध्ये कंपनीला मेल केला. आठ दिवसांनी उत्तर आलं : हे मॉडेल बंद झालं आहे, सुटे भाग ठेवलेले नाहीत. सोबत नव्या मॉडेलची जाहिरात. ते नवं मॉडेल डोक्याचं, नेहमीच्या आकाराचं. पुण्याच्या डीलरला तीन वेळा फोन केला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "असे बेस खपत नाहीत हो, लोकांना बेस बेससारखा दिसायला लागतो." मॉडेल बंद करा, माझं काही म्हणणं नाही. पण बोटाच्या पेराएवढा तुकडा मिळत नाही म्हणून २६ हजारांचं वाद्य भिंतीला टांगायचं? इथून पन्नास किलोमीटरवर मिरजेत आजोबांच्या वेळची सतार घेऊन जा, जवारी काढून (घोडी घासून स्वर मोकळा करून) देतात, खुंटी नवी बसवून देतात. सतारीचं मॉडेल बंद झालं असं तिथं कुणी सांगत नाही.

जुलैत धाकटा भाऊ म्हणाला, उद्यमनगरात दाखव. मला पटलं नव्हतं. पंप आणि ट्रॅक्टरचे पार्ट करणारी माणसं, त्यांच्याकडे गिटार काय न्यायची? तिथल्या मिस्त्रींनी जॉ हातात घेतला, नखानं आटा चाचपला आणि म्हणाले, "दादा, ह्याचं आटं पार गेल्यात. चार एमेमचा हाय, पॉइंट सातचा पीच. माल मऊ हाय. पितळंत करून देतो, पर मापाला एक चांगला नग ठिवून जावा."

चार दिवसांनी पितळेचे पाच जॉ मिळाले, अठराशे रुपयांत. चार बसवले, एक जादा. बॉलची खाच एकावर किंचित अरुंद होती, ती त्यांनी समोरच कानशीनं घासून दिली. पैसे दिल्यावरही विचारत होते, "वाजवून बघिटलं का?" गणपतीच्या दहा दिवसांत रोज कार्यक्रम झाले. डी तार एकदाही उतरली नाही. बेस सेकंडहँड विकायला टाकलेली जाहिरात मी काढून घेतली.

तक्रारी अजून दोन आहेत. पावसाळ्यात मान वाकते, ट्रस रॉडला (मानेतल्या ताणाच्या सळईला) पाव फेरा द्यावा लागतो, पण ते कोल्हापुरात कुठल्याही लाकडी मानेचं होतं. दुसरी तारांची. डबल बॉलचा सेट इथल्या दुकानात मिळत नाही, मागवावा लागतो, आणि साध्या सेटच्या जवळपास दुप्पट पडतो. मी दोन सेट घेऊन ठेवलेत. जुन्या तारा उकळून पुन्हा लावतो.

मॉडेल बंद झाल्यामुळे सेकंडहँड भाव उतरलाय, म्हणून घ्यायचा विचार असेल तर पिकअप (तारांचा आवाज पकडणारे) आणि फ्रेट (मानेवरच्या पट्ट्या) नंतर बघा. आधी तारा सैल करून चारही चाव्या शेवटपर्यंत फिरवा. डी तारेची चावी मध्येच मोकळी फिरली किंवा आट्यात चकचकीत धातूची पूड दिसली, तर दोन हजार कमी करून मागा. स्क्रूला दर दोन महिन्यांनी ग्रीसचा थेंब द्या.

मिस्त्रींनी मापाचा कागद काढून दिलाय. ज्यांच्याकडे हेच मॉडेल आहे त्यांनी कळवा, फोटो पाठवतो. पाचवा जॉ मात्र देणार नाही, तो केसच्या खिशात राहणार.