टॅबवर मॅक्सिमा: गणित बरोबर, बोट चुकतं

इंदूरमध्ये इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेलेल्या मुलाकडे एक कॅसिओ कॅल्क्युलेटर असतो आणि घरात बहुधा एक टॅब, ज्याचा अभ्यासाशी फारसा संबंध उरलेला नसतो. एम-वन आणि एम-टू या गणिताच्या विषयांचे मॅट्रिक्स, इंटिग्रेशन, लाप्लास, डिफरन्शिअल इक्वेशन सुरू झाले की कॅल्क्युलेटर अपुरा पडतो. तो आकडे देतो, अक्षरांचं गणित करत नाही. ते काम करणारा प्रोग्राम म्हणजे कॉम्प्युटर अल्जिब्रा, आणि अँड्रॉइड टॅबवर त्यातला सर्वात दणकट फुकट पर्याय आहे ‘मॅक्सिमा ऑन अँड्रॉइड’. यासुआकी होंडा यांनी मूळ मॅक्सिमा अँड्रॉइडवर आणली आहे. प्ले स्टोअरवर शोधताना हे नाव पाहूनच उतरवा, मिळत्याजुळत्या नावांची गर्दी आहे.

मूळ मॅक्सिमा अस्सल जुनी. एमआयटीमध्ये १९६८ ते १९८२ या काळात घडलेल्या ‘मॅकसिमा’ या प्रोग्रामची ही संतती. टेक्सास विद्यापीठाचे विल्यम शेल्टर यांनी १९८२पासून ती सांभाळली आणि १९९८ मध्ये जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुली करण्याची परवानगी मिळवली. वयाचा परिणाम दिसतोच: चित्रांची बटणं नाहीत, हाताने लिहिलेलं ओळखणं नाही. एक चौकट, तिच्यात कमांड लिहायची, वर सुबक छापल्यासारखं उत्तर येतं. नेट लागत नाही. हॉस्टेलच्या वायफायवर जगणाऱ्यांना एवढं कारण पुरे.

या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टॅबवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच लिहायच्या.

पहिल्यांदा उघडल्यावर ॲप आपल्या फाइली उलगडून घेतं, थोडा वेळ जातो. तेवढ्यात मागे जाऊ नका. मग तपासणीसाठी ‘१००!;’ लिहा. १५८ अंकी संख्या आली म्हणजे सगळं जागेवर आहे. दुसरी गंमत ‘फॅक्टर(२^६७-१);’. ही संख्या अविभाज्य नाही हे ठाऊक होतं, पण तिचे अवयव फ्रँक कोल यांनी १९०३ मध्ये मांडले. टॅब ते क्षणात देतो: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

इथवर सगळे खूश असतात. पुढच्या पंधरा मिनिटांत बरेच जण ॲप काढून टाकतात, आणि दर वेळी कारण गणित नसतं, कीबोर्ड असतो.

पडद्यावरचा कीबोर्ड चॅटसाठी बनलेला आहे. ओळीचं पहिलं अक्षर तो आपोआप मोठं करतो. मॅक्सिमाला लहान-मोठं अक्षर वेगळं वाटतं, त्यामुळे मोठ्या ‘एस’ने सुरू होणारा ‘सॉल्व्ह’ तिच्या दृष्टीने कुठलंतरी अनोळखी फंक्शन. ती चूक दाखवत नाही, तुमचीच ओळ जशीच्या तशी परत देते. विद्यार्थी समजतो की ॲपला गणित येत नाही. उत्तराच्या जागी प्रश्नच परत आला की आधी पहिलं अक्षर बघा.

याहून वाईट प्रकार म्हणजे दोनदा स्पेस दाबल्यावर आपोआप पडणारा पूर्णविराम. मॅक्सिमात टिंब हे मॅट्रिक्स गुणाकाराचं चिन्ह आहे. एक्स आणि वायमध्ये चुकून दोन स्पेस पडले की ‘एक्स. वाय’ तयार होतं, आणि ते व्याकरणाने शुद्ध असल्यामुळे कुठेही लाल दिवा लागत नाही. पुढची सगळी सरळरूपं चुकत जातात आणि दोष शोधायला अर्धा तास जातो. म्हणून कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वयंचलित मोठी अक्षरं, दुहेरी स्पेसचा पूर्णविराम आणि शब्द-दुरुस्ती, तिन्ही बंद करा. मराठी किंवा हिंदी कीबोर्ड लावलेला असेल तर देवनागरी आकडेही पडू शकतात. इंग्रजी लेआउटवर या.

गूगलच्या जीबोर्डवर बरोबरचं चिन्ह, घाताची टोपी, टक्का आणि चौकोनी कंस हे सगळे चिन्हांच्या दुसऱ्या पानावर आहेत, म्हणजे प्रत्येक समीकरणाला दोन-तीन फेऱ्या. घातासाठी एक सुटका आहे: टोपीऐवजी दोन तारे, ‘एक्स**२’. मॅक्सिमा दोन्ही सारखंच धरते आणि तारा पहिल्याच पानावर असतो. त्याच दुसऱ्या पानावर पायचं चिन्ह आणि शाळेतलं गुणाकाराचं चिन्हही दिसतं. मोह टाळा. पाय म्हणजे टक्क्यासकट ‘%पाय’, आणि तसेच ‘%ई’ व ‘%आय’. पायचं नुसतं चिन्ह टाकलं तर ती त्याला ३.१४ धरत नाही.

रोज वापरायचं असेल तर वायरचा साधा यूएसबी कीबोर्ड आणि तो टॅबला लावणारी ओटीजी जोडणी घ्या, दोन्ही जेल रोडवर मिळतात. टॅबचं तोंड टाइप-सी आहे की जुनं मायक्रो, ते पाहून जा. ओटीजी चालत नाही म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी चुकीचं तोंड आणलेलं असतं. ब्लूटूथ कीबोर्ड दिसतो छान, पण त्याला चार्जिंगची आणखी एक कटकट.

आता खरी भाषा. तीन खुणा पाठ हव्यात. नुसतं अपूर्णविराम ‘:’ म्हणजे साठवणं, ‘ए:५;’. नुसतं ‘=’ म्हणजे समीकरण, त्याने काहीच साठत नाही. आणि ‘:=’ म्हणजे फंक्शन, ‘एफ(एक्स):=एक्स^२+१;’. सी भाषा शिकत असलेली मुलं ‘ए=५;’ लिहितात, ॲप शांतपणे ‘ए=५’ छापतं, आणि पुढच्या ओळीत ‘ए’ रिकामाच असतो. गुणाकाराचा तारा कधीच गाळायचा नाही; ‘२एक्स’ला सिंटॅक्सची तक्रार येते. ओळीच्या शेवटी अर्धविराम. त्याऐवजी डॉलरचं चिन्ह टाकलं तर हिशोब होतो पण छापला जात नाही, आणि याचा टॅबवर मोठा उपयोग आहे: (एक्स+वाय+झेड)चा विसावा घात उलगडला की २३१ पदं येतात, आणि हिशोबापेक्षा ती सुबक छापण्यातच टॅब दमतो. नुसता ‘%’ म्हणजे मागचं उत्तर.

‘सॉल्व्ह(एक्स^२-५*एक्स+६=०, एक्स);’ लिहिलं की ३ आणि २ मिळतात. पण आधी कुठेतरी ‘एक्स:५’ केलेलं असेल तर हीच ओळ बिघडते, कारण आता एक्स हा चल राहिलेलाच नाही. उपाय ‘किल(ऑल);’. नवं गणित सुरू करताना ही सवय लावली तर निम्म्या तक्रारी मिटतात. पाचव्या घाताचं ‘एक्स^५-एक्स-१=०’ दिलं तर सॉल्व्ह समीकरणच परत करतं, कारण त्याला करणींमध्ये उत्तर नाही. तिथे ‘ऑलरूट्स’ वापरा, खरं मूळ १.१६७३ येतं. आणि ‘साइन एक्स = १/२’ला फक्त पाय भागिले ६ येतं, सोबत सूचना की काही उत्तरं गळतील. ही सूचना फार लोक वाचत नाहीत, मग परीक्षेत अर्धे गुण गळतात.

कोन रेडियनमध्ये. कॅसिओ डिग्रीवर ठेवून वाढलेल्या हाताला ‘साइन(३०)’ लिहायची सवय असते; मॅक्सिमा ते तसंच ठेवते, आणि दशांश मागितला तर उणे ०.९८८ देते. ‘साइन(३०*%पाय/१८०)’ लिहिलं की १/२. तसंच ‘लॉग’ म्हणजे नैसर्गिक लॉग. ‘एलएन’ लिहिलं तर ती अनोळखी फंक्शन समजते. दहाच्या पायाचा हवा असेल तर ‘लॉग(एक्स)/लॉग(१०)’.

इंटिग्रेशनमध्ये बहुतेक जण अडकतात ते एका प्रश्नावर. ‘इंटिग्रेट(१/(एक्स^२+ए), एक्स);’ दिलं की ती उलट विचारते, ए धन की ऋण? इथे ‘पॉझिटिव्ह;’ असं इंग्रजीत लिहायचं, नुसतं ‘पी;’ही चालतं. वापरणारा मात्र प्रश्न न वाचता पुढचं गणित टाकतो, ती पुन्हा तेच विचारते, आणि ॲप अडकलं म्हणून बंद केलं जातं. आधीच ‘अझ्यूम(ए>०);’ सांगून ठेवलं तर विचारणारच नाही.

उत्तरात ‘अधिक सी’ येत नाही, तो वहीत आपण लावायचा. १/एक्सचं उत्तर नुसतं लॉग एक्स येतं; निरपेक्ष मूल्याच्या रेघा हव्या असतील तर ‘लॉगॲब्स:ट्रू;’. आणि वहीतलं उत्तर जुळलं नाही म्हणून लगेच खोडू नका. साइन एक्स गुणिले कॉस एक्सचं उत्तर मॅक्सिमा उणे कॉस वर्ग भागिले २ देते, वहीत साइन वर्ग भागिले २ असतं. दोन्ही बरोबर, फरक फक्त १/२चा. वजाबाकी करून त्रिकोणमिती सोपी करणारी ‘ट्रिगसिम्प’ लावा. नुसती संख्या उरली तर मार्क तुमचेच. दुसरी कसोटी आणखी भक्कम: आपल्या उत्तराचं ‘डिफ’, म्हणजे डिफरन्शिएशन, काढून मूळ प्रश्न वजा करा आणि ‘रॅटसिम्प’ लावा, त्रिकोणमिती असेल तर ‘ट्रिगसिम्प’. शून्य आलं पाहिजे.

मॅट्रिक्समध्ये तारा आणि टिंब यांचा घोळ सर्वात महागात पडतो. पहिली ओळ १, २ आणि दुसरी ३, ४ अशी मॅट्रिक्स ‘ए’ घ्या. ‘ए*ए’ केलं तर १, ४, ९, १६ येतं, म्हणजे प्रत्येक घराचा आपापला वर्ग. खरा गुणाकार ‘ए.ए’, त्याचं उत्तर ७, १०, १५, २२. घातही तसाच: एक टोपी घरांसाठी, दोन टोप्या ‘^^’ मॅट्रिक्ससाठी. व्यस्त काढायला ‘इन्व्हर्ट’ सरळ आहे. ‘आयगनव्हॅल्यूज’ दोन याद्या देतं. पहिलीत किमती, दुसरीत त्या किती वेळा येतात ते. कर्णावर दोन्हीकडे २ आणि बाकी घरांत शून्य असलेल्या मॅट्रिक्सला [[२],[२]] येतं. म्हणजे किंमत २, दोनदा.

डिफरन्शिअल इक्वेशनला ‘ओडीई२’ आहे. ‘डिफ’च्या आधी एकेरी अवतरण लावायलाच हवं: ‘ओडीई२('डिफ(वाय,एक्स)+वाय=एक्स, वाय, एक्स);’. ते नसेल तर मॅक्सिमा ताबडतोब डिफरन्शिएशन करते, वाय हा एक्सवर अवलंबून आहे हे तिला सांगितलेलं नसतं, उत्तर शून्य येतं आणि समीकरणातून मूळ पदच नाहीसं होतं. नोट्सच्या ॲपमधून ओळ उचलून चिकटवली तर हे अवतरण वळणदार होऊन येतं, तेही चालत नाही. उत्तर कंसांच्या गुंत्यात आलं तर ‘एक्सपँड(%);’, मग एक्स उणे १ अधिक %सी गुणिले %ई चा उणे एक्सवा घात असं ओळखीचं रूप दिसतं. ‘आयसी१(%, एक्स=०, वाय=१);’ दिलं की %सी जागी २.

दोन गोष्टी खटकतात. स्वस्त टॅबवर मेमरी कमी, व्हिडिओ बघून परत आलात तर अँड्रॉइडने ॲप मागच्या मागे बंद केलेलं असू शकतं आणि साठवलेले सगळे चल गेलेले असतात. दुसरी, ॲप पायऱ्या दाखवत नाही. थेट उत्तर. पेपरात गुण पायऱ्यांना असतात, म्हणून हे ॲप सोडवून झाल्यावर उघडायचं आहे, आधी नाही.

अकरावी-बारावीच्या मुलाला मात्र मॅक्सिमा देऊ नका. त्याला जिओजेब्राचं कॅस, म्हणजे कॉम्प्युटर अल्जिब्राचं, ॲप द्या. मार्कुस होहेनवार्टर यांनी झाल्झबुर्गमध्ये २००१ साली सुरू केलेला हा प्रकल्प, आतलं बीजगणित ग्रनोबलच्या बर्नार पारिस यांच्या जियाक या प्रोग्रामचं. त्याचा स्वतःचा गणिती कीबोर्ड आहे, ‘२एक्स’ समजतो, अपूर्णांक वर-खाली दिसतात, इंटिग्रेशनला स्थिरांकही लावतो आणि आलेख शेजारी. आयपॅडवाल्यांनाही हेच. फक्त ते विनाव्यवसाय वापरासाठी फुकट आहे. इंदूरच्या भंवरकुआतल्या क्लासवाल्यांनी वर्गात पडद्यावर दाखवण्याआधी अटी वाचलेल्या बऱ्या. मॅक्सिमाला ती अडचण नाही.

कॉलेजातल्या मुलासाठी पाचपैकी चार. एक गुण कापला तो पडद्यावरच्या कीबोर्डसाठी, जो ॲपच्या हातात नाही, आणि वायरचा कीबोर्ड जोडला तर अर्धा परत.