तणाचं बी गुदमरवायचं कसं: पाणी साचवून, गाडून की झाकून?

वाफसा आला की पिकाआधी तणच वर येतं, कारण तेव्हा मातीच्या पोकळ्यांत पाणीही असतं आणि हवाही. त्यातली हवा काढून घेणं हेच खालच्या तिन्ही उपायांचं काम. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, पण पाण्यातून तो हवेच्या तुलनेत साधारण १०,००० पट हळू सरकतो.

पाणी साचवून ठेवणं हा सर्वांत सोपा उपाय. कोरडवाहू रानातली बहुतेक तणं त्याने अडतात. भातात येणारं पाखड हे गवत मात्र अडत नाही. साध्या श्वसनाऐवजी किण्वनावर (ऑक्सिजन न वापरता साखर मोडून ऊर्जा मिळवण्यावर) भागवून त्याचं बी ऑक्सिजनशिवायही कोंब काढतं. मोनोकोरियासारखी पाणथळ तणं तर कमी ऑक्सिजनमध्ये उलट जोमाने उगवतात. वर्षानुवर्षं फक्त पाण्यावर भिस्त ठेवली की रानात हीच मंडळी उरतात. मध्ये चार दिवस पाणी आटलं तर बाकीचीही डोकं काढतात.

पलटी नांगराने बी खोल गाडण्याबद्दल जरा गैरसमज आहे. वर मातीचा थर आहे आणि उजेड नाही, एवढ्यानेच बी गप्प बसत नाही. १९७२ मध्ये होम या संशोधकांनी दाखवलं की गाडलेल्या बियांभोवती त्यांच्याच अपुऱ्या हवेतल्या श्वसनातून आलेली इथेनॉल, ॲसिटाल्डिहाइड, ॲसिटोन ही रसायनं साठतात आणि उगवण रोखतात. मातीतून हवा फिरवली की तेच बी उगवतं. म्हणजे ते मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ बील यांनी १८७९ मध्ये बाटल्यांत भरून पुरलेल्या बियांपैकी काही २०२१ मध्येही उगवल्या! म्हणून माझं मत असं: पलटी नांगर एकदाच चालवा, मग काही वर्षं वरवर कुळवा. दरवर्षी खोल नांगरट म्हणजे गाडलेलं पुन्हा वर आणणं. हलक्या, रेताड जमिनीत हवा सहज खेळते, तिथे हा उपाय तसाही लंगडा.

तिसऱ्या उपायात कोंडा किंवा हिरवा पाला मातीत मिसळायचा, भरपूर भिजवायचं आणि वर हवाबंद प्लास्टिक घालून तीन ते सहा आठवडे ठेवायचं. जिवाणू ऑक्सिजन संपवतात, शिवाय ॲसेटिक, ब्युटिरिक आम्लं तयार करतात. तिघांत बी मारण्याची खरी शक्यता इथेच. पण माती उबदार हवी आणि खर्चही दांडगा, त्यामुळे रोपवाटिका किंवा भाजीचे वाफे एवढ्यापुरतंच परवडतं. कठीण कवचाचं बी यातूनही वाचू शकतं.

(लव्हाळा गाठींतून फुटतो, तेव्हा बियांचा हा हिशेब त्याला लावू नका.)

ठरवण्याआधी शेतातली वरची माती दोन डब्यांत भरा. एक वाफशावर ठेवा, दुसऱ्यात बोटभर पाणी उभं ठेवा. दोन-तीन आठवड्यांत पाण्याच्या डब्यात पाखडाचे कोंब दिसले, तर पहिला उपाय यादीतून काढून टाका.