डिशवॉशरचं पाणी तापेना: हीटर बदलावा की बोर्ड दुरुस्त करावा?

भांडी गार निघाली, कढईचं तेल तसंच राहिलं की मेकॅनिक सरळ "हीटर गेला" म्हणतो. बेळगावात टिळकवाडीला आमच्या घरीही तेच ऐकलं. पण मोजल्याशिवाय खर्च करू नका, ही कळकळीची विनंती.

प्लग काढा, हीटरच्या वायरी सोडवा आणि मल्टिमीटर लावा. 230 व्होल्टवर चालणाऱ्या 1800 ते 2000 वॉटच्या हीटरचा रोध साधारण 26 ते 29 ओहम भरतो. सर्किट तुटलेलं दिसलं तर हीटर जळालाय. बॉडीशी जोड दिसली तर मशीन चालूच करू नका, शॉक बसेल. अनेक नव्या मशीनमध्ये हीटर पंपातच असतो, म्हणजे अख्खा पंप घ्यावा लागतो. शिवाय बोअरचं जड पाणी असेल आणि पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचं मीठ संपलेलं असेल, तर नव्या हीटरवरही क्षार चढणारच.

हीटर ठीक निघाला तर बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, उघडून बघा. हीटरच्या रिलेखाली (हीटरची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचखाली) झाळ काळवंडलेली असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा रिले झाळून घेणं पंपापेक्षा पुष्कळ स्वस्त. हे काम मात्र बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडूनच करून घ्या. मला विचाराल तर, मीटरने हीटर पास केला असताना पंप बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

खानापूरकडे शेतातल्या घरी मशीन असेल तर व्होल्टेजही पाहा. 180 व्होल्टवर हीटरची ताकद जेमतेम 61 टक्के उरते. तेव्हा दोन्ही भाग धडधाकट असूनही पाणी तापायला फार वेळ लागतो.