फायबरग्लासचं बॉनेट: वजन उतरलं, पण त्याला धरून कोण ठेवणार?

आधी निकाल सांगते. बॉनेट चांगलं आहे, घ्या. सोबत आलेल्या पिना, म्हणजे बॉनेट पुढून अडकवून ठेवणारे दांडे आणि क्लिपा, मात्र बाजूला ठेवा, आणि त्यांच्या जागी काय लावायचं ते बॉनेट मागवण्याआधीच ठरवा. हलकं बॉनेट घेताना सगळे वजन विचारतात, फिनिश विचारतात, वरचा स्कूप (हवेसाठीचा उंचवटा) किती उंच आहे ते विचारतात. ते गाडीला कुठे आणि कसं धरलं जाणार, हे फार थोडे जण विचारतात. माझ्या मते या वस्तूची परीक्षा तिथेच होते.

माझी गाडी १९६७ची फोर्ड मस्टँग फास्टबॅक, म्हणजे मागे उतरत्या छपराची. रस्त्यावर चालते, अधूनमधून ट्रॅकवरही जाते. मूळ पोलादी बॉनेट काट्यावर २० किलोच्या थोडं वर भरलं, हे नवं ९ किलोच्या आत. कमी झालेलं वजन सगळं पुढच्या चाकांवरचं, आणि तेही उंचावरचं. लोखंडी व्ही-८ मुळे या गाडीचं नाक मुळातच जड असतं, म्हणून पुढचा प्रत्येक किलो मोलाचा. स्टीअरिंगमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो असं मी म्हणणार नाही. पण इंजिनावर काम करायचं असलं की बॉनेट एकटीने उचलून भिंतीला टेकवून ठेवता येतं, आणि हे सुख रोजचं आहे.

हा हिशोब प्रत्येक गाडीला लागू होत नाही. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ला आणि होंडा एस२०००ला कारखान्यातूनच अ‍ॅल्युमिनियमचं बॉनेट येतं. तिथे फायबरग्लास लावून हाती फारसं काही लागत नाही. हाताने थापलेलं, जाडजूड बॉनेट मिळालं तर ते मूळच्यापेक्षा जडही भरू शकतं. तेव्हा आधी आपल्या बॉनेटला लोहचुंबक लावून बघा, मग पुढचा विचार करा.

गाड्यांसाठी हा माल नवा नाही. शेवरोले कॉर्व्हेट १९५३मध्ये फायबरग्लासच्या बॉडीनेच बाजारात आली. लोटसने १९५७मध्ये दाखवलेल्या एलीटचा तर सगळा सांगाडाच फायबरग्लासचा होता. मस्टँगवरूनच बनवलेल्या १९६५च्या शेल्बी जीटी३५०वर फायबरग्लासचं बॉनेट आणि ते धरायला पिना, ही जोडी कारखान्यातूनच यायची. मस्टँगवर हे दृश्य शोभून दिसतं ते उगाच नाही.

आता वस्तूकडे वळते. वरचं कातडं आणि खालची फासळ्यांची चौकट असे दोन भाग एकमेकांना चिकटवलेले आहेत. माल म्हणजे काचेच्या तुटक तंतूंची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन. नाण्याने ठोकून पाहिलं तर आवाज सगळीकडे सारखा, पोकळ कुठेच नाही. म्हणजे चौकट नीट चिकटली आहे. जेलकोटमध्ये, म्हणजे वरच्या गुळगुळीत रेझिनच्या थरात, कडेला बारीक छिद्रं होती, ती पुट्टीने भरली. चौकट का महत्त्वाची, ते सांगते. अशा मॅटच्या फायबरग्लासची घनता पाण्याच्या १.५ पटीच्या आसपास आणि पोलादाची ७.८५ पट, म्हणून वजन उतरतं. पण ताठपणात पोलाद त्याच्या पंचवीसपट तरी पुढे आहे. ही कमतरता जाडीने आणि फासळ्यांनी भरून काढावी लागते. नुसतं एकेरी कातड्याचं बॉनेट हातात छान हलकं लागतं आणि वेगात पापडासारखं थरथरतं. रस्त्यावरच्या गाडीला चौकटीचंच घ्या.

मागे बिजागऱ्यांच्या जागी पोलादी पट्ट्या रेझिनमध्ये पुरलेल्या आहेत, आट्यांसकट. हे काम मनापासून केलेलं आहे. पण पुढे लॅचच्या (बॉनेट बंद धरणाऱ्या खटक्याच्या) आकड्याच्या जागी नुसते मॅटचे दोन-तीन जास्तीचे थर आहेत, धातू नाही. जिथे ओढ सगळ्यांत जास्त पडणार, तिथेच बनवणाऱ्याने हात आखडता घेतलाय. यासाठी मी एक तारा कापते.

ओढ किती पडते? ताशी १६० किलोमीटरला समोरून येणाऱ्या हवेचा दाब चौरस मीटरला सुमारे १,२०० न्यूटन असतो. बॉनेटचा पसारा सव्वा चौरस मीटर धरा. नाकावरून हवा वर वळते, तिथे पुढच्या कडेच्या मागे दाब घटतो. त्याच वेळी रेडिएटरमधून आत शिरलेली हवा बॉनेटला खालून ढकलत असते. वरच्या-खालच्या दाबातला फरक त्या १,२००च्या एक तृतीयांश जरी निघाला, तरी बॉनेट ५० किलोच्या जोराने वर उचललं जातं, आणि त्याचं स्वतःचं वजन आहे ९. हा अंदाज आहे, प्रत्येक नाकाचा आकार निराळा. पण वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे सगळ्यांना सारखंच. काचेच्या पायथ्याशी उलट दाब वाढतो आणि तिथे बॉनेट खाली दाबलं जातं. म्हणून मागची बाजू सहसा त्रास देत नाही, पुढचे दोन कोपरे देतात. आणि मागून सुटलेलं बॉनेट एक वेळ नुसतं खडखडेल. पुढून सुटलेलं थेट काचेवर येऊन आदळतं आणि समोरचं काही दिसत नाही.

बसवायला घेण्याआधी दोन कामं करा. पहिलं म्हणजे बिजागऱ्यांच्या स्प्रिंगा काढा. या गाडीत दोन्ही बाजूंना जाडजूड स्प्रिंगा असतात आणि त्या २० किलो उचलायला बनवलेल्या आहेत. त्यांच्यावर ९ किलोचं बॉनेट ठेवलं तर बंद करताना मागचे कोपरे वर राहतात आणि मधोमध कमान पडते. काही आठवड्यांत ती कमान कायमची होते, कारण ताजं रेझिन अजून घट्ट होत असतं. गॅसच्या दांड्या असलेल्या गाड्यांचीही तीच गत. मी स्प्रिंगा काढून टाकल्या आणि आधाराला साधी सळई लावली.

दुसरं काम धीराचं आहे. नवं बॉनेट रंगाला देऊ नका. गाडीवर चढवा, फटी जुळवा आणि ते तसंच उन्हात राहू द्या. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आकसतं, आणि साच्यातून लवकर काढलेला माल नंतरही थोडा हलतो. तो गाडीच्या आकारात बसलेला असतानाच हलला तर उत्तम. माझ्या बॉनेटचा डावा कोपरा फेंडरपेक्षा (चाकावरच्या पत्र्यापेक्षा) एका नाण्याच्या जाडीएवढा वर होता. खालचा रबरी ठोकळा फिरवून आणि कोपरा हलका दाबात ठेवून तो जवळजवळ बसला. राहिलेली कसर कडा घासून काढली. पेंटरने मूळ प्रायमर उतरवून इपॉक्सी प्रायमर मारला. तोच सल्ला मी तुम्हाला देईन.

आता पिना. सोबतच्या पाकिटात बारीक दांड्याच्या दोन पिना, साधे नट, रुपयाएवढे वॉशर, केसपिनेसारख्या क्लिपा आणि त्या हरवू नयेत म्हणून उघडी तार. दांडा हाताने वाकवून पाहिला, वाकला. तार वाऱ्यात फडफडून रंग खरवडते. मी १२ मिलिमीटरचे पोलादी दांडे, नायलॉनचे लॉकनट आणि प्लॅस्टिक चढवलेली तार घेतली.

बॉनेटच्या पृष्ठभागात सपाट बसणारे लॅचही मी पाहिले, एअरोकॅचसारखे. एका मैत्रिणीच्या गाडीवर ते आहेत आणि देखणे दिसतात. ओढ मोठ्या चौकटीवर पसरते, क्लिप हरवायचा प्रश्नच नाही, आणि कुलपाचा प्रकारही मिळतो. पण त्यांच्यासाठी कातड्यात लांबोडकी खिडकी कापावी लागते आणि जागा सपाट लागते. माझ्या बॉनेटचे पुढचे कोपरे गोलाईत आहेत, तिथे आधी खाली बैठक बनवावी लागली असती. ज्यांचं बॉनेट पुढे सपाट आहे त्यांनी हेच घ्यावेत. पाव फेरीचे ड्झूस फास्टनर पातळ पॅनेलांना छान, पण उचलल्या जाणाऱ्या बॉनेटचा सगळा भार मी त्यांच्यावर टाकणार नाही.

पिनेची जागा मी रेडिएटर सपोर्टवर, म्हणजे रेडिएटर धरणाऱ्या पुढच्या पत्र्यावर ठरवली, दोन्ही बाजूंना, कडेकडे जितकी बाहेर जाईल तितकी. त्या पत्र्याला खालून ३ मिलिमीटरची पोलादी पट्टी दिली; पातळ पत्र्यावर नुसता दांडा उभा केला तर पत्राच डोलतो. दांडा अगदी सरळ उभा करू नका. बॉनेट मागच्या बिजागरीवर फिरतं, त्यामुळे पुढची कड सरळ खाली येत नाही, कमानीत येते. दांडा त्या कमानीच्या दिशेने किंचित कलता हवा, नाहीतर भोक मोठं करावं लागतं आणि मोठ्या भोकात बॉनेट हलत राहतं.

भोकाची खूण करायला दांड्याच्या टोकावर लिपस्टिक लावली आणि भावाला म्हटलं, "दादा, तू डावीकडून धर, मी उजवीकडून. सोडायचं नाही, टेकवायचं." ठिपका खालच्या चौकटीवर उमटला. तिथून बारीक बिटने आरपार भोक पाडलं, वर चिकटपट्टी लावली, आणि मग वरच्या बाजूने पायऱ्यांच्या बिटने हळूहळू वाढवत नेलं. जेलकोटमधून जाताना ड्रिल उलटं फिरवलं तर कडा तडकत नाहीत. नेहमीच्या बिटने जोर लावून पाडलेल्या भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा येतात, आणि त्या रंगावर उमटतातच. मास्क, चष्मा, लांब बाह्या घाला आणि शेजारी व्हॅक्यूम चालू ठेवा. काचेचा भुगा कातडीला खाजवतो आणि छातीत जाऊ नये असा माल आहे.

वरचं कातडं आणि खालची चौकट यांच्यामध्ये पोकळी आहे, आणि बहुतेक जण नेमकं तिकडेच दुर्लक्ष करतात. वर-खाली वॉशर देऊन आवळलं तर दोन्ही थर एकमेकांकडे दाबले जातात आणि वर खड्डा दिसतो. पोकळीच्या उंचीएवढा अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचा तुकडा मध्ये बसवला की आवळण्याचा जोर नळी घेते. खालून तळहाताएवढी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी इपॉक्सीने चिकटवली, म्हणजे ओढ एका वॉशरवर न येता रुंद जागेवर पसरेल. भोकाच्या उघड्या कडांना रेझिन लावून बंद केलं. तसं ठेवलं तर पाणी तंतूंच्या वाटेने आत शिरतं. काचतंतू वीज वाहत नाहीत, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियम निर्धास्त लावता येतं. कार्बन फायबरच्या बॉनेटला हे करू नका, तिथे अ‍ॅल्युमिनियम गंजतं.

मूळ लॅच मी काढलं नाही. मॅटच्या त्या थरांना मागून पोलादी पट्टी चिकटवून आकडा तसाच ठेवला. भार पिनांनी घ्यायचा, आणि क्लिप कुणी विसरलं तर सुरक्षेचा आकडा शेवटचा राखणदार. पुढून उघडणाऱ्या बॉनेटला लॅचचा दुसरा टप्पा किंवा दुसरं लॅच हवंच, असा अमेरिकेतही नियम आहे; पिना लावल्या म्हणून तो टप्पा काढून टाकणं मला पटत नाही. शिवाय दोन पिना दूरदूर असल्या की मधली कड वेगात फुगते. लॅच तिथे तिसरा बिंदू होतं.

ट्रॅकच्या लांब सरळ रेषेवर पुढची कड जागची हलत नाही. मधल्या भागात बारीकशी थरथर दिसते, रस्त्यावर शेजारून ट्रक गेला की जास्त. एक्झॉस्टच्या वर चौकटीला चकाकती उष्णतारोधक फॉइल लावली आहे, कारण साधं पॉलिएस्टर रेझिन पाण्याच्या उकळबिंदूच्या बरंच खाली मऊ पडायला लागतं. टर्बो असेल किंवा बॉनेट काळं रंगवायचं असेल, तर व्हिनिलएस्टर किंवा इपॉक्सी रेझिनचा माल मागा. पहिल्या लांब फेरीनंतर नट पुन्हा तपासले, एक थोडा सैल झाला होता. तेव्हापासून तेल बघताना नटांनाही हात लावते.

एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. कारखान्याचं आधुनिक बॉनेट धडकेत ठरलेल्या जागी मोडावं असं घडवलेलं असतं. या बॉनेटात तसं काही नाही. माझ्या १९६७च्या गाडीत गमावण्यासारखं फार नव्हतं, पण नव्या गाडीच्या मालकाने हे तोलूनच घ्यावं.

पाचपैकी चार तारे. बनवणाऱ्याला मी लिहिलं आहे: पाकिटातल्या पिना देऊच नका, त्या खर्चात पुढच्या दोन कोपऱ्यांना आणि लॅचच्या जागी धातूच्या पट्ट्या साच्यातच पुरा. मागे जे केलंय तेच पुढे करा, पाचवा तारा तयार आहे.