कष्टाची भाकर, मार्केट यार्ड : झुणका, भाकरी आणि आमचं सोवळं

मंगळवारी दुपारी बाराला पुण्यात हमाल पंचायतीच्या, म्हणजे हमालांच्या संघटनेच्या, 'कष्टाची भाकर'मध्ये जेवले. ज्वारीची भाकरी, वरचा पापुद्रा अजून फुगलेला. झुणका कोरडा, कांदा चांगला परतलेला, तिखट असूनही घशाला न लागणारा. बाहेरच्या कुठल्याही हॉटेलपेक्षा बिल बरंच कमी, कारण इथं नफा काढायचाच नाही असं सत्तरच्या दशकात बाबा आढावांनी आणि हमालांनी ठरवलं. गप्पा मारत बसायची ही जागा नाही, मागे ताट घेऊन माणूस उभा असतो. एकच्या आधी जा.

सोबत एक ताई होत्या. जनता वसाहतीत राहतात, चार घरची धुणीभांडी करतात. आमच्या घरकामगार संघटनेत त्या बावीस वर्षं होत्या. मार्चमध्ये आम्हीच त्यांना घालवलं.

झालं असं, की मेळाव्याला मांडव आणि दोनशे खुर्च्या त्यांनी एका माजी नगरसेवकाकडून आणल्या. त्याचा पक्ष आमच्या विरोधातला. ऊन मी म्हणत होतं, नाहीतर बायका फरशीवर बसल्या असत्या. त्याला भाषण दिलं नाही, फलक लावू दिला नाही. तरी कार्यकारिणीत ठराव आला, की ताईंनी लेखी माफी मागावी. त्यावर माझीही सही आहे. "माफी कशाची, बाई? खुर्च्यांची?" एवढंच म्हणाल्या आणि उठून गेल्या. पुढच्या महिन्यात त्यांच्या गल्लीतल्या चौदा जणींपैकी तिघीच वर्गणी द्यायला आल्या.

मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. सही करताना मला समाजवादी नेते राममनोहर लोहिया आठवले होते. १९५४ साली त्रावणकोर-कोचीनमध्ये, म्हणजे आजच्या केरळात, त्यांच्या प्रजासमाजवादी पक्षाचंच सरकार असताना पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली, आणि लोहियांनी आपल्याच मुख्यमंत्र्याचा, पट्टम थाणू पिळ्ळै यांचा, राजीनामा मागितला. वाद मिटला नाही, १९५५ मध्ये पक्ष फुटला. त्या प्रश्नावर मी आजही लोहियांच्या बाजूची आहे. पण तिथे माणसं मेली होती. आमच्याकडे खुर्च्या होत्या. हा फरक मला बैठकीत दिसला नाही, याचा मला फार त्रास होतो.

आणि आठवायचंच होतं तर आपल्या पुण्यातलं का आठवलं नाही? १९५६ च्या फेब्रुवारीत इथेच संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, सगळे एकत्र. बेचाळीसच्या लढ्यात कम्युनिस्ट बाजूला राहिले, हा राग समाजवाद्यांच्या मनातून गेला नव्हता. तरी समाजवादी एस. एम. जोशी आणि कम्युनिस्ट डांगे एका व्यासपीठावर बसले. ५७ ला ना. ग. गोरे पुण्यातून लोकसभेवर गेले, १९६० ला राज्य मिळालं. पुढे समिती टिकली नाही, ते खरं. पण काम होईपर्यंत टिकली.

बाबा आढावांनी 'एक गाव, एक पाणवठा' म्हणत गावोगावचं पाण्याचं सोवळं मोडायला माणसं उभी केली. आम्ही त्यांची नावं घेतो आणि बैठकीत मात्र सोवळं नेसून बसतो. कोण कुणाच्या लग्नाला गेलं, कुणाच्या हातून पुरस्कार घेतला, कुणी कुणाबरोबर फोटो काढला. ज्यांच्या विरोधात लढायचं ते आमच्या ठरावांना भीत नाहीत. ते ठराव फक्त आमच्याच माणसांना लागतात. पगारी सुट्टीची मागणी मार्चपासून तशीच पडून आहे.

ताईंनी दुसरी भाकरी घेतली. इथं कामाला किती बायका, पहाटे किती वाजता येतात, सगळं काउंटरवर विचारून घेतलं. सुनेसाठी काम बघताहेत. मी सही मागे घेतल्याचं पत्र लिहून नेलं होतं. त्यांनी ते माझ्याकडूनच वाचून घेतलं आणि परत माझ्या हातात ठेवलं.

"ठराव सगळ्यांसमोर झाला होता बाई. मागेही सगळ्यांसमोर घ्या. आमच्या गल्लीतल्या चौदा जणी बसलेल्या पाहिजेत."

बैठक रविवारी आहे. त्या चौदा जणींना आज संध्याकाळी निरोप द्यायला मी स्वतः वसाहतीत जाते आहे.