पाकिटावर स्टेनलेस, आत लोखंड

गुहागरला आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचं काय होतं ते लहानपणापासून बघतोय. म्हणून गेल्या मे महिन्यात पडवीच्या खिडक्या नव्याने बसवताना ठरवलं, चार पैसे जास्त गेले तरी चालतील, स्क्रू स्टेनलेसचेच. दुकानात स्पष्ट सांगितलं: 304 ग्रेडचं स्टेनलेस, 8 नंबर, 2 इंची, टॉर्क्स, म्हणजे सहा पाकळ्यांच्या खाचेचे. "स्टार ना? हेच ते, भाऊ," म्हणत त्याने पाकीट पुढे केलं. 100 नगांचे 650 रुपये घेतले, वर स्क्रू फिरवायचं एक बिट दिलं. पावसाआधी काम उरकायचं होतं, बिल मागितलंच नाही.

आपल्याकडे चौफुली खाचेलाही स्टारच म्हणतात, तिथेच त्याचं साधलं. आत निघाले पोझीड्राइव्ह: चौफुलीच, पण तिच्या मधल्या जागेत तिरक्या चार बारीक रेघा. बिट मात्र फिलिप्सचं, म्हणजे साध्या चौफुलीचं. ते या खाचेत पुरतं बसत नाही. जोर दिला की उसळतं आणि कडा खातं. चौकट ऐनाची, कठीण. वीस-पंचवीस स्क्रूंची डोकी जागीच गेली. मी सुतारकाकांच्या हाताला दोष दिला, याचं आजही वाईट वाटतं.

मोठी फसवणूक गणपतीत उघडी पडली. खिडक्यांखाली शाईसारखे काळे ओघळ! ओल्या लाकडातल्या टॅनिनशी, म्हणजे त्यातल्या तुरट द्रव्याशी, लोखंडाची गाठ पडली की असे डाग पडतात. स्क्रूंचा चकचकीत मुलामा उडालेला, खाचा गंजाने बुजलेल्या. करवतीने डोक्यावर चीर पाडून चपट्या पेचकसाने फिरवले, तरी कितीतरी आतच मोडले.

दुकानदार म्हणे, समुद्राजवळ स्टेनलेसही गंजतं. 304 वर तपकिरी डाग येतात हे खरं. म्हणूनच किनाऱ्यावर मॉलिब्डेनम हा धातू मिसळलेलं 316 ग्रेड बरं. पण चार महिन्यांत डोकं खाल्लं जात नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, पण हातात बिलच नाही, तर दाखवणार काय?

चुंबक आधी लावून बघा. स्क्रू टपकन चिकटला तर तो 304 किंवा 316 नव्हे. किंचित ओढ मात्र खऱ्या स्क्रूलाही असू शकते. पक्की खात्री मोरचुदाने, म्हणजे कॉपर सल्फेटने होते. सुपारीच्या फवारणीसाठी तो घरोघर असतोच. स्क्रू कानशीने घासून प्लास्टिकच्या वाटीत मोरचुदाच्या पाण्यात बुडवायचा. लोखंड असेल तर घासलेल्या जागी मिनिटभरात तांब्याचा लाल थर चढतो. स्टेनलेस तसंच राहतं. मोरचूद विषारी आहे, वाटी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

या वेळी बिलावर '316, टॉर्क्स टी-20' (टी-20 हे खाचेचं माप) लिहून घेतलं आणि पाच स्क्रू आधी बुडवून पाहिले. काकांनी अगोदर भोकं पाडून एकेक बसवला, एकही डोकं गेलं नाही. चौकटीवरचे काळे ओघळ मात्र रंधा मारूनही पुरते निघालेले नाहीत.