ऑटोकॅडचा पडदा सकाळी पांढरा, रात्री काळा: व्हीबीए, लिस्प की प्रोफाइल?

दुपारी खिडकीतून ऊन आलं की ऑटोकॅड या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरच्या काळ्या पडद्यावर मला रेघांआधी स्वतःचाच चेहरा दिसतो, म्हणून बॅकग्राउंड पांढरा करतो. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली तोच पांढरा डोळ्यांत घुसतो. ऑप्शन्स, डिस्प्ले, कलर्स अशी वारी दिवसातून दोनदा करायचा कंटाळा आला की माणूस मॅक्रोकडे, म्हणजे त्याच त्या पायऱ्या एका कमांडने करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे, वळतो. एकदाच रंग बदलून विसरणार असाल तर मात्र मॅक्रोच्या नादी लागू नका. त्याच खिडकीत 'रिस्टोअर क्लासिक कलर्स' बटण आहे, त्याने जुना काळा पडदा एका क्लिकमध्ये परत येतो.

पहिला मोह होतो तो ॲक्शन रेकॉर्डरचा, म्हणजे आपण केलेल्या कमांड टिपून मॅक्रो बनवणाऱ्या सोयीचा. इथे तो कामाचा नाही. डायलॉग बॉक्सच्या आत तुम्ही काय निवडलंत ते तो टिपतच नाही; मॅक्रो चालवला की ऑप्शन्सची खिडकी उघडते आणि आपल्या तोंडाकडे बघत बसते.

उरले व्हीबीए (मायक्रोसॉफ्टची मॅक्रो लिहायची भाषा) आणि लिस्प (ऑटोकॅडची स्वतःची). दोघं एकाच दारातून आत जातात: प्रेफरन्सेस, मग डिस्प्ले, मग रंगाची प्रॉपर्टी. त्या प्रॉपर्टीच्या नावातल्या 'बॅकग्राउंड'मध्ये ओ आणि यू ही अक्षरं गाळलेली आहेत. शुद्ध स्पेलिंग लिहिलंत की एरर. यात माझी अर्धी दुपार गेली होती.

व्हीबीएत रंग देणं सोपं: लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे फंक्शनला द्यायचे. लिस्पमध्ये एकच आकडा लागतो, तो आपणच काढायचा: लाल, अधिक हिरवा गुणिले 256, अधिक निळा गुणिले 65536. ऑटोकॅडचा नेहमीचा गडद करडा म्हणजे 33, 40, 48. त्याचा आकडा 3156001. लाल-निळ्याची अदलाबदल झाली की निळसर करड्याऐवजी तपकिरी पडदा येतो. क्रॉसहेअरचा (कर्सरच्या फुलीचा) रंग ही वेगळी प्रॉपर्टी, तीही सोबतच बदला.

तरीही माझं मत लिस्पला. 2010 च्या आवृत्तीपासून व्हीबीए ऑटोकॅडसोबत येत नाही. आपल्या आवृत्तीचं वेगळं उतरवून घ्यावं लागतं, आणि ऑफिसच्या मशीनवर ॲडमिनचा पासवर्ड कोणाकडे असतो ते तुम्हाला माहीतच आहे. लिस्प आतच असतं, ऑटोकॅडच्या एलटी या छोट्या आवृत्तीतही 2024 पासून चालतं. दहाएक ओळी, 'दिवस' आणि 'रात्र' अशा दोन कमांड (अर्थात इंग्रजी अक्षरांत), आणि 'कलरथीम' ही सेटिंग 1 किंवा 0 केली की रिबनही (वरची बटणांची पट्टी) सोबत उजळते किंवा गडद होते. ऑफिसात आधीपासून व्हीबीएचे मॅक्रो चालत असतील तर मात्र त्यांतच चार ओळी घाला. मॅकवर हे दार दोघांनाही बंद. ब्लॉक एडिटरचा पडदाही या दारातून बदलत नाही. तो हातानेच बदलायचा.

प्रोफाइलची (ऑटोकॅडच्या साठवलेल्या सेटिंग्जची) एआरजी फाइल हा तिसरा मार्ग, आणि नव्या मशीनवर सगळंच बसवायचं असेल तर चांगला. नुसत्या रंगासाठी नको. मी एकदा सहकाऱ्याची एआरजी इम्पोर्ट केली. रंग आले, पण सोबत त्याच्या सपोर्ट फोल्डरचे पाथही आले, आणि फॉन्ट सापडेनासा होऊन माझ्या ड्रॉइंगमधल्या मराठी नोट्सच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागली.

कुठल्याही मार्गाने गेलात तरी हा रंग तुमच्या मशीनवरच राहतो, ड्रॉइंगच्या फाइलसोबत जात नाही आणि प्रिंटमध्येही येत नाही. फक्त पांढऱ्यावर जाण्याआधी लेयरचे (ड्रॉइंगमधल्या थरांचे) रंग एकदा बघून घ्या. रंग क्रमांक 7 पडदा बघून आपोआप काळा-पांढरा होतो, पण कोणी हौसेने ट्रू कलर (तीन आकड्यांनी पक्का केलेला रंग) 255, 255, 255, म्हणजे पांढरा, दिलेला असेल तर ती अक्षरं पांढऱ्यावर गायब. 'टायटल ब्लॉक कोणी उडवला?' असं आमच्या साहेबांनी विचारलं, तेव्हा तो जागच्या जागीच होता.